कॅथेटर व परिचारिका
मूत्राशयात बसविलेली कॅथेटरची नळी तुंबलेल्या लघवीला वाट करून देते. परंतु त्याच वाटेने जंतूही आत शिरतात. पूर्वी नळीचे बाहेरील टोक उघड्या भांड्यात सोडीत असत. त्यामुळे तीन-चार दिवसांतच बहुतेक रुग्णांच्या लघवीत जंतू आढळत. पिशवी नळीला कायम जोडून ठेवल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो, हे अमेरिकेतील क्युनिन व मॅकॉर्मॅक यांनी १९६६ साली दाखवून दिले.

हा बंद मार्ग कोठेही उघडा पडू न देणे हे परिचारिकेचे मुख्य काम होय. नळीला स्पर्श करण्यापूर्वी व केल्यानंतर हात धुवावेत. लघवी उलट वाहू नये म्हणून पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगावी; मात्र ती जमिनीला टेकू देऊ नये. नळीला पीळ पडू देऊ नये, जोड विनाकारण सोडू नये. पिशवी रिकामी करण्यासाठी प्रत्येक रुग्णाचे भांडे स्वतंत्र असावे.

एवढी दक्षता घेऊनही दिवसागणिक धोका वाढतच जातो. म्हणून नळीची गरज अद्याप आहे काय, हे परिचारिकेने डॉक्टरांना रोज विचारावे व गरज संपताच ती काढली जाईल असे पाहावे.