भेटवस्तूंतील जपान

एखाद्या देशाची संस्कृती अभ्यासावयाची तर आपण ग्रंथालयाकडे वळतो, दुकानाकडे नव्हे. परंतु वस्तूही वाचता येतात, याचा प्रत्यय मला पुण्यातील एका गल्लीत आला. तेथे जपानी धर्तीच्या भेटवस्तूंचे एक छोटेखानी दुकान आहे. मालकीणबाई स्वतः जपानी शिकलेल्या. दोन गिऱ्हाइके आत गेली की तिसऱ्याने पायरीवर थांबावे, एवढीच जागा.

दाराशीच पंजा उंचावलेले मांजर बसलेले असते. हे ‘मानेकी-नेको’. पाश्चात्त्यांना ते निरोप देत आहे असे वाटते म्हणे! वस्तुतः ते गिऱ्हाइकाला बोलावीत असते. तळहात खाली करून बोलावण्याची रीत आपलीही असल्याने मला हे निराळे समजावून सांगावे लागले नाही.

बाईंनी एक पेला चौकोनी कापडात गुंडाळून दाखविला. हे ‘फुरोशिकी’. ‘फुरो’ म्हणजे स्नान. एदो काळात (1603 ते 1868) सार्वजनिक स्नानगृहात कपडे बांधून नेण्याचे हे कापड, म्हणून हे नाव. पुढे प्लास्टिकच्या पिशव्यांनी त्याला मागे सारले. 2006 साली तत्कालीन पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी कचरा कमी व्हावा म्हणून त्याचा पुन्हा पुरस्कार केला. आपले गाठोडे मात्र अद्याप कोणा मंत्र्याची वाट पाहत आहे.

काचेच्या कपाटात वाद्य घेतलेली एक देवी होती. ती बेन्झायतेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचलेली आपली सरस्वती. वीणेच्या जागी तिच्या हाती ‘बिवा’ आला.

परंतु माझे लक्ष खिळले ते ‘दारुमा’वर. कागदाच्या लगद्याची, बुडाशी जड असलेली ही लाल, गोल बाहुली. कितीही आडवी करा, पुन्हा उभी राहते. ताकासाकी हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. दारुमा म्हणजे बोधिधर्म. परंपरा सांगते की ते दक्षिण भारतातून चीनला गेले आणि नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून ध्यानस्थ बसले. हातपाय झडून गेले, म्हणून बाहुलीलाही ते नाहीत. ती विकतात कोऱ्या डोळ्यांची. संकल्प करताना एक डोळा रंगवायचा, तो तडीस गेला की दुसरा. वर्षअखेरीस मंदिरात नेऊन तिचे दहन करतात.

दुकानात मात्र दोन्ही डोळे छापलेल्या दारुमांच्या किल्लीसाखळ्याही टांगलेल्या होत्या. मी कारण विचारले. कोऱ्या डोळ्यांची बाहुली ‘सदोष माल’ म्हणून लोक परत आणीत, असे बाई म्हणाल्या. माझ्या मते हा प्रश्न केवळ रंगाचा नाही. डोळे आधीच भरले की घेणाऱ्याने करावयाचे काही उरतच नाही. व्रताचे खेळणे होते. आपणही गणपतीला मोटारीच्या काचेपुढे चिकटवून हेच केले नाही काय? मी हे बोलून दाखविले. “दुकानाचे भाडे त्या साखळ्यांवरच निघते,” त्या शांतपणे म्हणाल्या. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

अलीकडे त्या प्रत्येक कोऱ्या दारुमासोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी घालतात. माझ्यासमोरच एका आजींनी ती उभ्याउभ्या वाचली, नातवाच्या परीक्षेसाठी एक दारुमा बांधून घेतला आणि विचारले, “अगं, पण आधी कोणता डोळा?”

“त्याचा डावा,” बाई म्हणाल्या, “म्हणजे आपल्याला समोरून दिसतो तो उजवा.”