खसखशीएवढा शत्रू

मैदानी सरावाहून परतल्यावर आपण बूट पुसतो, गणवेश धुतो. पण काखेत, गुडघ्यामागे, कानामागे गोचीड चिकटला आहे का, हे किती जण पाहतात? लाइम रोगाचा इतिहास वाचला की ही सवय का हवी, ते पटेल.

लाइम हे अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील छोटे गाव. तेथील पॉली मरे या गृहिणीच्या घरात अनेक वर्षे आजारपण होते. काही डॉक्टरांना त्यांचे दुखणे मानसिक वाटे. त्या मात्र नोंदी ठेवत राहिल्या. परिसरातील बऱ्याच मुलांचे गुडघे सुजत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. मुलांमधला संधिवात तर क्वचितच आढळतो. मग एकाच भागात इतके रुग्ण कसे? १९७५ साली त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले.

येल विद्यापीठाचे डॉ. अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास केला. लाइम आणि शेजारच्या दोन गावांत ५१ रुग्ण सापडले. त्यांत ३९ मुले होती. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना सांधे सुजण्यापूर्वी अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठल्याचे आठवत होते.

हा चट्टा युरोपात अनोळखी नव्हता. स्वीडनचे आर्विद आफ्त्सेलियस यांनी तो १९०९ मध्येच वैद्यांपुढे मांडला होता आणि त्याचा संबंध गोचिडाच्या चाव्याशी जोडला होता. पुढे तेथील डॉक्टर त्यावर पेनिसिलिनही देऊ लागले. म्हणजे चट्टा त्वचेच्या डॉक्टरांकडे, सूज सांध्यांच्या डॉक्टरांकडे. दोन्ही एकाच रोगाची लक्षणे आहेत, हे जुळायला कित्येक वर्षे गेली.

खरा गुन्हेगार १९८१ मध्ये सापडला. विली बर्गडॉर्फर वेगळ्याच तापाच्या जंतूंचा शोध घेत गोचिडांची आतडी तपासत होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना मळसूत्राच्या आकाराचे जिवाणू दिसले. त्यांच्याच नावावरून त्यांना ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ म्हणतात. रोग मात्र फार जुना असावा. आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या शरीरात या जिवाणूचे जनुकीय अंश आढळल्याचे संशोधकांनी २०१२ मध्ये जाहीर केले.

इतका उशीर का झाला? गोचिडाचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते, त्याचा चावा दुखत नाही आणि सांधे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुजतात. तोवर चावा कोणाच्या लक्षात राहणार?

आपल्या देशातही गोचिडांपासून धोका आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा गोचिडांमार्फत पसरणारा एक वेगळा, विषाणूजन्य ताप उघडकीस आला.

म्हणून जंगलातून आल्यावर अंग तपासा. गोचीड दिसला तर काडीने जाळू नका, रॉकेल लावू नका. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. ताप किंवा चट्टा आला तर ती तारीख डॉक्टरांना सांगा. पॉली मरे यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना वैद्यकीय पदवी. होती ती फक्त नोंदवही आणि चिकाटी.