कंपन आणि दोलन : दोन इंग्रजी शब्द आणि आपली जमीन

इंग्रजीच्या पुस्तकात ‘व्हायब्रेशन’ आणि ‘ऑसिलेशन’ हे शब्द आले की विद्यार्थी दोहोंचा अर्थ एकच लिहितात : हलणे, थरथरणे. लहान शब्दकोशही पुष्कळदा एकाच्या अर्थात दुसरा शब्द देऊन मोकळे होतात. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांनी मात्र त्यांना वेगळी नावे दिली आहेत. व्हायब्रेशन म्हणजे कंपन आणि ऑसिलेशन म्हणजे दोलन. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे. त्याने पदार्थविज्ञानात ढवळाढवळ का करावी, असे कोणी विचारील. परंतु शब्दांनाही इतिहास असतो, आणि पालघर जिल्ह्यात राहणाऱ्यांना या दोन शब्दांतील भेदाशी प्रत्यक्ष कर्तव्य आहे.

दोन्ही शब्द मूळचे लॅटिन. ‘ऑसिलेशन’च्या मुळाशी झोके घेण्याची कल्पना आहे. रोमन लोक झाडांना छोटे मुखवटे टांगीत आणि ते वाऱ्यावर झुलत. त्या मुखवट्याच्या नावावरून हा शब्द आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. ‘व्हायब्रेशन’च्या मुळाशी भाला परजणे, हातातील वस्तू वेगाने हलविणे हा अर्थ आहे. एकात संथ झोका आहे, तर दुसऱ्यात थरथर. हा मूळचा भाव दोन्ही शब्दांनी आजतागायत सोडलेला नाही.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर, आढ्याला बांधलेल्या झोळीत मूल निजले आहे आणि अंगणात तारपा वाजतो आहे, असे समजा. झोळी एका बाजूला जाते, परत येते, दुसऱ्या बाजूला जाते. तिचे येणे-जाणे डोळ्यांना दिसते, मोजता येते. हे दोलन. तारप्याच्या आतली पातळ जिभली फुंकरीसरशी इतक्या जलद हलते की डोळ्यांना ते दिसत नाही, कानाला मात्र सूर ऐकू येतो. हे कंपन. शास्त्राच्या दृष्टीने प्रत्येक कंपन हे एक प्रकारचे दोलनच असते. पण प्रत्येक दोलनाला कंपन म्हणता येत नाही. तारापूरच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. पाण्याची पातळी वरखाली होत राहते, म्हणून ते दोलन खरे. त्याला कंपन मात्र कोणी म्हणणार नाही. कंपन म्हणावयाचे तर हलणारी वस्तू बहुधा लवचीक असते आणि तिचे हलणे लहान व जलद असते.

दोन्ही शब्द एकाच पेटीत पाहावयाचे असतील तर रस्त्यावरील विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ क्षणभर उभे राहावे. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज निघते आहे. ती असो की अन्य ठिकाणची, आपल्या देशातील वीजप्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होतो. हे विजेचे दोलन. त्यात कोणतीही वस्तू थरथरत नाही. परंतु त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधील लोखंडी पत्रे सेकंदाला १०० वेळा कंप पावतात, आणि तो अखंड गुंजारव आपल्याला ऐकू येतो. बोईसरच्या कारखान्यांतील कामगार बेअरिंग झिजल्यावर ‘मोटर व्हायब्रेट होते’ असे म्हणतो. ‘ऑसिलेट होते’ असे कधी म्हणत नाही. रेल्वेत मात्र नवा डबा रुळांवर किती डोलतो हे पाहण्यासाठी जी चाचणी घेतात, तिला ‘ऑसिलेशन ट्रायल’च म्हणतात. डहाणू लोकलमध्ये डबा डोलतो आणि खिडकीची काच थरथरते, हे रोजच्या प्रवाशाला सांगावयास नको.

येथे मराठीतील एका शब्दाची आठवण होते. ‘आंदोलन’ या शब्दाचा मूळ अर्थ झोका, दोलन हाच. संगीतात स्वराच्या संथ डोलण्याला आजही आंदोलन म्हणतात. महाड १९२७, काळाराम मंदिर १९३० असे ज्या शब्दाने आपण आठवतो, तो झोपाळ्यापासून आला आहे, हे मुलांना सांगितले की ती हसतात आणि मग विसरत नाहीत.

आता आपल्या जमिनीकडे वळू. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडी परिसरात, भूकंपांचे सत्र सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे यंत्रे बसविली. बहुतेक धक्के ४ रिश्टरहून कमी होते. तरीही घरांना भेगा पडल्या, लोक थंडीत तंबूंत झोपले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्याने घाबरून बाहेर पळण्याच्या धावपळीत एका लहान मुलीचा मृत्यू झाला. ‘धक्का लहान होता असे सांगतात, मग घर का तडकले?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर या दोन शब्दांत आहे.

भूकंप जवळचा आणि उथळ असला की जलद लाटा आपल्यापर्यंत पोहोचतात. स्फोटासारखा आवाज होतो, भांडी खडखडतात, कौले सरकतात. बुटके, ताठ घर अशा जलद लाटांना लगेच साथ देते. हे कंपन. दूरच्या मोठ्या भूकंपात जलद लाटा वाटेतच विरतात, संथ लाटा शेकडो किलोमीटर जातात आणि उंच इमारतींना झोके देतात. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात मुंबईत वरच्या मजल्यांवरील लोकांना डोलल्यासारखे वाटले, ते दोलन. १९८५ साली मेक्सिको शहरात तर भूकंपाचे केंद्र तीनशे किलोमीटरहून दूर असताना मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या आणि बुटकी घरे बहुतांशी बचावली. झोळीला तिच्या लयीत धक्के दिले की झोका वाढत जातो, तसेच तेथे झाले. भूकंपाची तीव्रता ठरविणाऱ्या तक्त्यांतही टांगलेल्या वस्तू झुलल्या की खिडक्या-भांडी खडखडली, अशी वेगवेगळी लक्षणे नोंदविलेली असतात.

म्हणून आपल्या भागातील पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. जवळच्या लहान धक्क्यातील जोराचे कंपन बहुधा काही सेकंदांतच संपते. तेवढ्यात मुलाला कडेवर घेऊन अंधारात धावण्यापेक्षा, घर पक्के असेल तर, मजबूत टेबलाखाली वा पलंगाखाली शिरून डोके झाकावे आणि हादरे थांबल्यावर बाहेर यावे. वारंवारच्या कंपनाने भिंतीतील भेग रुंदावत जाते. अशी भिंत जाणकाराकडून तपासून घेईपर्यंत तिच्याजवळ मुलांना झोपवू नये. निजण्याच्या जागी डोक्यावर जड डबे, पाटे, ट्रंका ठेवू नयेत. आणि जमिनीला थरथर न जाणवता टांगलेला दिवा बराच वेळ झुलत राहिला, तर भूकंप बहुधा येथला नसून दूरचा आणि मोठा आहे, असे समजून रेडिओवरील बातम्या ऐकाव्यात.