घटक ४ : नगररूपाचा अभ्यास – ठाणे आणि कल्याण-डोंबिवली

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस
• ‘नगररूप’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• रस्ते, भूखंड आणि इमारती यांचा परस्परसंबंध सांगता येईल.
• ठाणे, कल्याण व डोंबिवली या नगरांच्या घडणीतील टप्पे ओळखता येतील.
• स्वतःच्या वस्तीचे निरीक्षण करून टिपण लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नगराचा अभ्यास लोकसंख्या, व्यवसाय, प्रशासन अशा अनेक अंगांनी करता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती. या आकड्यांवरून नगरे किती मोठी आहेत हे कळते. मात्र कल्याणच्या पारनाका परिसरातील गल्ल्या अरुंद का, किंवा डोंबिवलीत पूर्व आणि पश्चिम ही जणू दोन गावे का वाटतात, याचे उत्तर आकड्यांत सापडत नाही. त्यासाठी नगराची प्रत्यक्ष आकृती वाचावी लागते. या आकृतीला ‘नगररूप’ आणि तिच्या अभ्यासाला ‘नगररूपशास्त्र’ असे म्हणतात.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नगररूपाचे तीन घटक

जर्मनीत जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले भूगोलज्ञ एम. आर. जी. कॉन्झेन (१९०७–२०००) यांनी १९६० मध्ये अ‍ॅनिक या लहानशा इंग्रजी गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नगराच्या आराखड्याचे त्यांनी तीन घटक मानले : रस्त्यांचे जाळे, भूखंडांची रचना आणि इमारतींनी व्यापलेली जागा.

हे तीन घटक सारख्या गतीने बदलत नाहीत, ही या विवेचनातील महत्त्वाची गोष्ट आहे. इमारत एक-दोन पिढ्यांत पाडली जाते. भूखंडाची सीमा त्याहून अधिक काळ टिकते. कारण तिच्यामागे वारसाहक्क, खरेदीखत आणि सरकारी नोंद असते. रस्त्याची रेषा तर अनेकदा शतकानुशतके तीच राहते. म्हणूनच सर्व इमारती नव्या असलेल्या वस्तीचा आराखडाही जुना असू शकतो.

४.२.२ ठाणे : खाडी, रेल्वे आणि सीमावर्ती पट्टा

जुन्या ठाण्याचे तोंड खाडीकडे होते. पोर्तुगीज काळात उभारणी सुरू झालेला किल्ला, चेंदणी व महागिरी येथील कोळीवाडे आणि मासुंदा तलावाभोवतीची वस्ती हा त्याचा गाभा होय. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी रेल्वे धावली आणि स्थानक हे नगराचे नवे प्रवेशद्वार ठरले.

तळ्याकाठची ‘तलावपाळी’, घरांच्या ओळीवरून पडलेले ‘खारकर आळी’, जकात किंवा चौकीची आठवण देणारा ‘नाका’, लहान वस्ती दर्शवणारा ‘पाडा’ ही नावे नगररूपाची साधने आहेत. नौपाड्यात आज पाड्यासारखे काही दिसत नाही. पूर्वीच्या रूपाची खूण त्या नावात मात्र उरली आहे. मराठीच्या अभ्यासकाला अशी साक्ष वाचण्याची सवय असतेच.

कॉन्झेन यांची ‘सीमावर्ती पट्टा’ ही संकल्पना ठाण्यात स्पष्ट दिसते. नगराची वाढ काही काळ थांबते, तेव्हा त्याच्या कडेला कारागृह, रुग्णालय, कारखाने अशा मोठ्या जागा लागणाऱ्या संस्था येतात. पुढे वाढ पुन्हा सुरू झाली की नगर त्यांना वळसा घालून पलीकडे जाते. १९०१ मध्ये स्थापन झालेले मनोरुग्णालय त्या वेळी वस्तीबाहेर होते. १९६० च्या दशकात वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत विकसित झाली. आज दोन्ही ठिकाणे दाट वस्तीने वेढलेली आहेत. ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यानच्या नव्या रेल्वेस्थानकासाठी मनोरुग्णालयाचीच जागा निवडण्यात आली, हा केवळ योगायोग नव्हे. गजबजलेल्या नगरात मोठी, सलग आणि एका मालकीची जागा अशा पट्ट्यातच शिल्लक राहते.

४.२.३ कल्याण आणि डोंबिवली : दोन भिन्न घडणी

कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आढळतात. दुर्गाडी किल्ला खाडीकाठी आहे आणि पारनाका, टिळक चौक हा जुना भाग त्याच बाजूस वसला आहे. १८५४ मध्ये येथे रेल्वे पोहोचली. पुढे कसारा व कर्जत या दोन्ही दिशांचे मार्ग येथून फुटले आणि स्थानकाभोवती दुसरे केंद्र उभे राहिले. बंदराकडे तोंड असलेले नगर हळूहळू रेल्वेकडे वळले.

जुन्या भागातील भूखंडाची वाटचालही पाहण्यासारखी असते. प्रथम वाडा आणि मागे मोकळे परसू. मग परसात भाडेकरूंच्या खोल्या. त्यानंतर वाडा पाडून तीन-चार मजली इमारत. भूखंड क्रमाक्रमाने भरत जातो आणि अखेरीस रिकामा होऊन पुन्हा बांधला जातो, असे चक्र कॉन्झेन यांनी अ‍ॅनिकमध्ये नोंदवले होते.

डोंबिवलीची घडण वेगळी आहे. येथे रेल्वेस्थानकाभोवती भातशेतीवर नगर वाढले. पाथर्ली, आयरे, ठाकुर्ली ही गावे त्यात सामावली गेली. शेताचा भूमापन क्रमांक आणि त्याचा हिस्सा हाच पुढे इमारतीचा भूखंड बनला. त्यामुळे एखादी गल्ली अकारण वळलेली दिसली, तर तेथे पूर्वी शेताचा बांध होता का, हे जुन्या नकाशात तपासावे. आपल्या सोसायटीच्या कागदपत्रांत ‘सर्व्हे नंबर’ आणि ‘हिस्सा नंबर’ असतील, तर तो या शेतीचाच वारसा आहे.

४.२.४ रहिवाशाच्या मनातील नगर

अमेरिकी अभ्यासक केविन लिंच यांनीही १९६० मध्येच आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नकाशावरचे नगर आणि रहिवाशाच्या मनातील नगर एकच नसते, हे त्यांनी बोस्टन, जर्सी सिटी व लॉस एंजेलिस येथील रहिवाशांशी बोलून दाखवले. मनातील नगराचे त्यांनी पाच घटक सांगितले : मार्ग, कडा, विभाग, केंद्र आणि खूण.

डोंबिवलीत फडके रोड हा मार्ग, रामनगर हा विभाग, स्थानक हे केंद्र आणि गणेश मंदिर ही खूण होय. रेल्वेमार्ग ही कडा आहे. २०१९ मध्ये कोपर उड्डाणपूल वाहतुकीस बंद झाला आणि २०२१ मध्ये नवा पूल खुला झाला. मधल्या काळात ही कडा किती कठोर आहे याचा अनुभव पूर्व-पश्चिम ये-जा करणाऱ्यांनी रोज घेतला.

४.२.५ नगररूप आणि सुरक्षित निवारा

नियोजित वस्तीत आधी रस्ता, मग भूखंड आणि शेवटी इमारत असा क्रम असतो. अनधिकृत वस्तीत तो उलटतो : आधी इमारत उभी राहते, तिच्या शेजारी दुसरी उभी राहते आणि दोहोंमध्ये उरलेली फट म्हणजे गल्ली. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे बांधकाम चालू असलेली बेकायदेशीर इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. इमारत पूर्ण होण्याआधीच तेथे कुटुंबे राहत होती. अशा दुर्घटनेस निकृष्ट बांधकाम आणि यंत्रणांचे दुर्लक्ष कारणीभूत असते. पण उलटलेला क्रमही लक्षात घ्यायला हवा. गल्लीत अग्निशमन दलाची गाडी वळत नसेल, तर बचावाचा वेळ तेथेच वाया जातो.

आज जुन्या वस्त्यांपुढे दोन मार्ग आहेत. एका सोसायटीने स्वतंत्र पुनर्विकास केला, तर इमारत बदलते; भूखंड आणि रस्ता तेच राहतात. रस्ता अरुंद असला, तर उंच इमारतीतील वाढीव वाहने त्याच रस्त्यावर येतात. समूह विकासात अनेक भूखंड एकत्र करून रस्ते नव्याने आखता येतात. त्यामुळे धोकादायक घरांतील कुटुंबांना सुरक्षित घर आणि रुंद रस्ता मिळू शकतो; मात्र लहान दुकाने, ओळखीच्या गल्ल्या आणि अनेक छोट्या मालकांची रचना नाहीशी होते. इमारत चुकली, तर पुढची पिढी ती बदलू शकते. एकदा मिटवलेली भूखंडरचना सहसा परत येत नाही.

स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडिस यांनी १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातील काही नगरांवर अहवाल लिहिले. त्यांत ठाण्याचाही समावेश होता. आधी निदान, मग उपचार, हे त्यांचे सूत्र होते. सोसायटीच्या सभेत पुनर्विकासावर मत देण्यापूर्वी हे सूत्र आपल्यालाही उपयोगी पडेल. चटईक्षेत्राबरोबर रस्त्याची रुंदी, भूखंडाची सीमा आणि शेजारच्या भूखंडांचे भवितव्य यांचीही विचारणा करावी.

४.३ सारांश

नगररूप हे रस्ते, भूखंड व इमारती यांचे बनते आणि हे घटक वेगवेगळ्या गतीने बदलतात. ठाण्यात खाडी, रेल्वे व सीमावर्ती पट्टा, कल्याणात बंदर व रेल्वे अशी दोन केंद्रे, तर डोंबिवलीत शेतजमिनीची विभागणी निर्णायक ठरली. ज्या घटकातील बदल सर्वाधिक काळ टिकतो, त्याविषयीचा निर्णय सर्वाधिक विचारपूर्वक घ्यायला हवा.

४.४ पारिभाषिक शब्द

भूखंड : निश्चित सीमा असलेला व स्वतंत्र नोंद असलेला जमिनीचा तुकडा.
गावठाण : गावातील घरांसाठी राखलेली जागा.
सीमावर्ती पट्टा : वाढ थांबलेल्या काळात नगराच्या कडेला तयार झालेला मोठ्या जागांचा पट्टा.

४.५ स्वाध्याय

१. इमारतीपेक्षा भूखंडाची सीमा अधिक काळ का टिकते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. कल्याण आणि डोंबिवली यांच्या घडणीतील फरक लिहा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या घरापासून स्थानकापर्यंत किंवा एसटी थांब्यापर्यंत चालत जा. वाटेतील नाका, आळी, पाडा, वाडी अशी नावे टिपा. रस्ता कोठे रुंद वा अरुंद होतो आणि कोठे वळतो, हे हाताने काढलेल्या नकाशात दाखवा. त्यांपैकी एका वळणाचे कारण वस्तीतील ज्येष्ठ व्यक्तींना विचारून दहा ओळींत लिहा.