फिकट बटण

कचेरीला कुलूप आहे. दारावर काहीच लिहिलेले नाही. आपण काय करतो? थोडा वेळ थांबतो. आजूबाजूला विचारतो. मग घरी परततो. अर्धा दिवस फुकट जातो. कचेरी कधी उघडणार, हे कळतच नाही.

आता दुसरी कचेरी पाहू. तिलाही कुलूप आहे. पण दारावर पाटी आहे : ‘आज तालुक्याला बैठक आहे. कचेरी उद्या ११ वाजता उघडेल. येताना घरपट्टीची पावती आणावी.’

कुलूप दोन्हीकडे सारखेच. पण दुसऱ्या दारावरच्या पाटीने माणसाची खेप वाचवली.

हीच गोष्ट मोबाईल फोनच्या पडद्यावर घडते. पडद्यावर बटणे असतात. काही ठळक दिसतात. ती दाबली की काम होते. काही फिकट, राखी दिसतात. ती कितीही दाबा, काही होत नाही. फिकट बटण म्हणजे बंद दार. ते मोडलेले नसते. त्या वेळेपुरते ते बंद असते.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील ॲपल कंपनीने १९८४ साली मॅकिंटॉश नावाचा संगणक विक्रीस आणला. त्याच्या पडद्यावर कामांची यादी दिसे. जे काम त्या वेळी करता येत नसे, ते फिकट अक्षरांत दिसे. यात एक सोय होती. काम कोठे आहे ते माणसाला दिसे. आज जमत नसले तरी ते येथे आहे, एवढे कळे. पण ते का जमत नाही, हे नुसत्या फिकट अक्षरांवरून कळत नसे. ती अडचण अजूनही पुष्कळ ठिकाणी तशीच आहे.

यात आपले नुकसान काय? समजा, एक मावशी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज फोनवर भरीत आहे. अर्जाचा आज शेवटचा दिवस. सगळे भरून झाले, पण ‘पाठवा’ हे बटण फिकटच. शेजारी तिचा भाचा बसला आहे.

“सगळं भरलंस का, मावशी?”

“भरलं की रे. दोनदा भरलं. हे मेलं बटण काही उजळत नाही. मलाच काही येत नाही बघ. उद्या मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागणार.”

“उद्या तर मुदत संपलेली असेल. आण इकडं, बघू दे. अगं, बँकेच्या कोडात तू शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकलायस!”

“दोन्ही गोलच की! मला कसं कळावं?”

मावशीचे बोलणे खरे आहे. बँकेच्या शाखेचा एक कोड असतो. त्याला आयएफएससी कोड म्हणतात. त्यात ११ खुणा असतात. पहिली चार इंग्रजी अक्षरे बँकेची. पाचव्या जागी नेहमी शून्य असते. शेवटच्या सहा खुणा शाखेच्या. शून्य आणि ओ दिसायला जवळजवळ सारखे. कोड चुकला हे फोनला कळले, म्हणून तर त्याने बटण उघडले नाही. पण जे फोनला कळले, ते त्याने मावशीला सांगितले नाही. ‘पाचव्या जागी शून्य हवे’ एवढी एक ओळ तेथे असती, तर काम मिनिटात झाले असते.

भाचा शेजारी नसता तर काय झाले असते? मुलीची शिष्यवृत्ती हुकली असती. किंवा मावशी कुणा अनोळखी माणसाला विचारायला गेली असती. ‘ओटीपी सांगा, मी करून देतो,’ असे म्हणणारे लबाड पुष्कळ. न सांगितलेल्या कारणाचा फायदा असे लोक घेतात.

म्हणून ॲप बनविणाऱ्यांना आमचे सांगणे आहे. दार बंद ठेवायचे असेल तर जरूर ठेवा, पण पाटी लावा. पाटीवर तीन गोष्टी असाव्यात. दार का बंद आहे? ते कधी उघडेल? उघडण्यासाठी आम्ही काय करावे? हे बटणाच्या जवळच, सोप्या मराठीत आणि ठळक अक्षरांत लिहावे. फिकट अक्षरे उन्हात दिसत नाहीत. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना तर मुळीच नाही. ‘चुकीची माहिती’ एवढेच लिहून भागत नाही. कोणती माहिती चुकली ते सांगावे. आणि जे दार एखाद्यासाठी कधीच उघडणार नाही, ते त्याला सुरुवातीलाच सांगावे. सारा अर्ज भरून घेऊन शेवटी अडवू नये.

पाटी लागेपर्यंत आपण काय करावे? बटण फिकट दिसले तर घाबरू नये. त्याची कारणे बहुधा चारच असतात.

१. काहीतरी भरायचे राहिले. ज्या रकान्याजवळ चांदणीची खूण असते, तो भरावाच लागतो. अटी मान्य असल्याची चौकटही राहिलेली असू शकते. वाचूनच तिच्यावर खूण करावी.

२. काहीतरी चुकले. आकडे मोजून पाहावेत. मोबाईल नंबरात १०, आधार क्रमांकात १२, पिनकोडात ६.

३. वेळ झाली नाही, किंवा टळून गेली. रेल्वेचे साधे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. त्याआधी ते कोणालाच मिळत नाही. तत्काळ तिकीट गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी मिळते. वातानुकूलित डब्याचे सकाळी १० वाजता, साध्या शयनयानाचे ११ वाजता.

४. ते काम करण्याची परवानगी आपल्याला नाही, किंवा फोनला नेटवर्क नाही.

ही चारही कारणे पाहून उलगडा झाला नाही, तर बँकेत किंवा त्या कचेरीत जाऊन विचारावे. ‘बटण का बंद आहे?’ असे विचारण्यात लाज नाही. तो आपला हक्क आहे. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावा.

लक्षात ठेवा : बटण फिकट आहे म्हणजे आपण अडाणी आहोत असे नव्हे. कारण सांगणे हे बनविणाऱ्याचे काम आहे.

प्रश्न

१. बंद दारावरच्या पाटीवर कोणत्या तीन गोष्टी असाव्यात?

२. मावशीचे बटण का उजळले नाही?

३. आपले पासबुक काढा. आयएफएससी कोड शोधा. खुणा मोजा. पाचव्या जागी काय आहे?