उन्हातली ऊसतोड : नाडी बघा, माणूस जपा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. आज ऊस तोडणाऱ्या माणसाविषयी लिहावयाचे आहे.

कारण सांगतो. दोन हंगामांपूर्वी मार्चअखेर भर दुपारी आम्ही एका फडावर गेलो होतो. टोळीतला विशीतला एक पोरगा मोळी टाकून मटकन खाली बसला. चक्कर आली म्हणाला. “सावलीत बस जरा, चहा घे,” एवढे सांगून आम्ही पुढच्या फडाकडे निघालो. तासाभराने परतलो, तेव्हा तो भलतेच बडबडत होता आणि अंग तव्यासारखे तापले होते. गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत आणखी तास गेला. पोरगा वाचला, पण मूत्रपिंडांना इजा झाली. पुन्हा कोयता धरणे त्याला जमले नाही. त्याच्या मनगटाला आम्ही वेळीच हात लावला नाही, ही चूक आमची. तुमच्या फडावर ती होऊ नये म्हणून हा धडा.

शरीरात काय घडते?

काम करताना स्नायूंत उष्णता तयार होते. घाम वाळताना ती उष्णता घेऊन जातो, म्हणून शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास टिकते. पण उभ्या उसाच्या आत वारा शिरत नाही आणि हवा दमट असते. घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. कडक उन्हात जड काम करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. तेवढे पाणी पोटात गेले नाही तर रक्ताचे प्रमाण घटते. मग थोडक्या रक्तात हृदयाला स्नायूही भागवायचे आणि कातडीही गार ठेवायची, म्हणून नाडी जलद होते. मूत्रपिंडांच्या वाट्याला रक्त कमी येते.

मोटारीवर जादा भार आला की स्टार्टर पडतो आणि मोटार वाचते. माणसाला असा स्टार्टर नाही. मजुरी टनावर असल्याने तो ओढतच राहतो.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे आढळले. एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद २००२ साली प्रसिद्ध केली. उन्हातले जड काम आणि अपुरे पाणी हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टींवर तिकडे भर दिला जाऊ लागला.

फडावर काय बघावे?

१) नाडी : मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा. काम थांबताच घड्याळ लावून ३० सेकंद ठोके मोजा व दुप्पट करा. आकडा ११० च्या वर गेला तर पुढच्या पाळीचे काम एक तृतीयांशाने कमी करावे. तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. ९० च्या खाली उतरली तर ठीक. ९० च्या वरच राहिली आणि दहा ठोकेसुद्धा कमी झाले नाहीत, तर त्या दिवशी कोयता खाली ठेवावा.

२) लघवी : फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद किंवा चहासारखी झाली, अगर सकाळपासून झालीच नाही, तर धोका समजावा.

३) बोलणे : नाव विचारा, गाव विचारा. उत्तर भलतेच आले किंवा चाल अडखळली तर तो उष्माघात समजून चालावे. “घाम येतोय म्हणजे ठीक आहे” हा समज खोटा आहे. उष्माघातातही घाम असू शकतो.

४) पेटके, मळमळ, डोकेदुखी : हा पहिला इशारा. येथेच थांबावे.

सभासदांनी काय करावे?

बांधावर सावली आणि पिण्याचे पाणी ठेवावे. दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, तहानेची वाट बघू नये. मात्र तासाला दीड लिटरपेक्षा जास्त नको. मोळ्या वाहणाऱ्या बायका आडोसा नसल्याने पाणीच पीत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. चार बांबू आणि एक ताडपत्री एवढ्याने ही सोय होते.

अशक्तपणा वाटल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून द्यावे. साखरेमुळे आतड्यात मीठ व पाणी लवकर शोषले जाते. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांवर उपचार केले होते. आपली साखर अशीही कामी येते बघा.

उन्हाची सवय नसलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या एक पंचमांश काम द्यावे व रोज तेवढेच वाढवावे. मार्चनंतर तोड पहाटे सुरू करून अकराच्या आत उरकावी.

उष्माघात झाल्यास

आधी १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत माणसाला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा व जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवत किंवा तापाची गोळी शोधत बसू नका. ताप ४० अंशांवर गेल्यावर प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

हे पान मुकादमाला वाचून दाखवा आणि नाडी मोजायला शिकवा. स्वतः उन्हात खत टाकताना किंवा सरी फोडताना आपलीही मोजा. शिकायचे असेल त्यांनी गट कार्यालयात यावे, आम्ही हात धरून दाखवू.

— ऊस विकास अधिकारी