शिवसागराकाठच्या पायवाटा : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

दिवाळीची सुटी संपून शाळा भरू लागल्या की सहलींचे बेत ठरू लागतात, आणि सातारा जिल्ह्यातील पुष्कळ शाळांचे लक्ष कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे वळते. बामणोलीस जावे, नावेत बसावे, वासोट्याची चढण चढावी, डबे सोडावेत आणि सायंकाळी परतावे, असा हा बेत असतो. त्यात मुलांस आनंद होतो यात शंका नाही. परंतु परत आल्यावर त्यांच्या वहीत ‘खूप मजा आली’ या एका वाक्यापलीकडे काही उतरत नसेल, तर त्या सहलीत शाळेचा वाटा कोणता, हा प्रश्न उरतोच. शिवसागराभोवतालच्या पायवाटा मुलांकडून वाचून घेता येतात. मात्र त्यासाठी पाण्याखाली काय आहे, हे त्यांस आधी सांगितले पाहिजे.

सहलीपूर्वीचे दोन तास यासाठी राखून ठेवावेत. पहिल्या तासाला फळ्यावर नदीची रेघ काढावी. महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या दोन रांगांमधून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेस वळते आणि कराड येथे कृष्णेस मिळते. घाटमाथ्यावरील बहुतेक नद्या उगमापासूनच पूर्वेची वाट धरतात. कोयनेचा हा लांबलचक दक्षिण प्रवास मुलांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. या वळणाच्या वरच्या अंगास, आज कोयनानगर आहे तेथे, सुमारे १०३ मीटर उंचीची भिंत घालून नदी अडविण्यात आली. काम १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले, आणि १९६२ मध्ये पोफळीच्या केंद्रातून वीज मिळू लागली. भिंतीमागे साठलेले पाणी सुमारे पन्नास किलोमीटर उत्तरेकडे पसरले असून पूर्ण भरल्यावर ते १०५ अब्ज घनफूट होते. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, एवढे सांगून पुढचा गुणाकार सातवीच्या मुलांवर सोपवावा. शून्ये मोजताना त्यांस जी गंमत वाटते, ती शिक्षकाने हिरावून घेऊ नये.

दुसरा तास शाळेच्या अंगणात घ्यावा, आणि या पाठात तोच महत्त्वाचा आहे. ओल्या मातीचे दोन लांब डोंगर समोरासमोर करावेत. मध्ये नदीचे पात्र, बाजूने सोळशी आणि कांदाटी या नद्यांची खोरी कोरावीत. मग मुलांस विचारावे, ‘तुम्हांस येथे घर बांधावयाचे असेल तर कोठे बांधाल? भाताचे खाचर कोठे कराल?’ मुले शेतकऱ्यांची असतात. ती खडे नेमके नदीकाठच्या सपाटीवर ठेवतात. त्या खड्यांस जोडणाऱ्या वाटा त्यांच्याकडूनच काडीने ओढवून घ्याव्यात. एक वाट गावातून बाजारास, एक देवळास, एक डोंगर चढून खिंडीतून कोकणात उतरणारी. सर्व वाटा ओढून झाल्या की खालच्या टोकाला मातीचा बांध घालून घागरीने हळूहळू पाणी ओतावे. पाणी चढू लागते तशी वर्गात शांतता पसरते. प्रथम खाचरे बुडतात, मग खडे बुडतात, आणि डोंगरावर चढणाऱ्या वाटेचा केवळ वरचा तुकडा पाण्याबाहेर उरतो. सहलीत ज्या पायवाटेवरून चालावयाचे ती हाच उरलेला तुकडा आहे, हे मग निराळे समजावून सांगावे लागत नाही.

येथे शिक्षकाने एक पथ्य पाळावे. कोयनेच्या खोऱ्यातील कित्येक गावांतील हजारो कुटुंबांस घरदार आणि जमीन सोडून उठावे लागले. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये आला. कोयनेचे लोक त्याच्या कितीतरी आधी उठले होते. त्यांच्या वसाहती आज सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत आहेत, आणि काही कुटुंबे डोंगराच्या वरच्या अंगास सरकून जलाशयाकाठीच राहिली. वर्गात अशा घरातील एखादे मूल असू शकते. त्याच्या आजोबांचे शेत बुडाले ही गोष्ट इतर मुलांसमोर कुतूहलाचा विषय होऊ नये. परंतु त्या आजोबांस शाळेत आदराने बोलावून जुन्या गावची वाट कशी होती हे ऐकता आले, तर त्यासारखा दुसरा धडा नाही. वीज साऱ्या राज्यास मिळाली हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि निवाडा देण्याची घाई करू नये.

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळावे. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीस उतरता येते. बामणोली येथील वन कार्यालयातून प्रवेशाची परवानगी घ्यावी लागते, कारण पलीकडचा तीर कोयना अभयारण्यात मोडतो. हे अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, आणि २०१० पासून चांदोलीसह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पावसाळ्यात वाट बंद असते, आणि गडावर मुक्कामास परवानगी नाही. नाव सुमारे तासाभराने मेट इंदवलीच्या तीरास लागते. ‘मेट’ म्हणजे गडाच्या पायथ्याची चौकी. हा शब्द उलगडून सांगितला की येथे पूर्वी पहारेकरी राहत असत, हे मुले आपण होऊन ओळखतात. गावातील वस्ती आज उठलेली आहे. तरीही वाटेच्या कडेला आंब्या-फणसाचे झाड दिसले, जोत्याचे दगड दिसले, की थांबावे. गर्द वनात फणसाचे झाड आपोआप ओळीने उगवत नाही. ते कोणीतरी लावलेले असते. मुलांस अशी चिन्हे शोधावयास लावली की त्यांचे पाय आणि डोळे एकदमच कामास लागतात.

पुढे ओढा लागतो. तेथे गणपती व मारुती यांच्या मूर्ती आहेत. यानंतर चढण सुरू होते. खालच्या भागात जांभूळ, हिरडा, अंजनी यांची गर्दी इतकी की ऊन जमिनीस क्वचितच लागते. वर जावे तसे वृक्ष खुजे होतात, आणि माथ्याजवळ कारवी व गवत यांचा उघडा उतार लागतो. हा बदल का होतो, असे मुलांस विचारून त्यांची उत्तरे ऐकावीत. वारा, मातीचा थर, पाणी ही तिन्ही कारणे कोणी ना कोणी सांगतेच. शेकरू फांदीवरून उडी घेताना दिसण्याचा संभव असतो; गवा, अस्वल, बिबट्या यांचाही हा मुलूख आहे. म्हणून रांग मोडू नये, आरडाओरडा करू नये आणि अनुभवी वाटाड्या सोबत घ्यावा. वाटेत एक फाटा नागेश्वराच्या गुहेकडे जातो. ती चाल मोठ्यांचीही कसोटी पाहणारी आहे. शाळेच्या सहलीत ती घेऊ नये.

वासोट्यास शिवाजी महाराजांनी व्याघ्रगड हे नाव दिले. पुढे त्याचा उपयोग बंदिवासासाठी होत राहिला. हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी येथे कैदेत होते, आणि एप्रिल १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला. गडावर पाण्याची टाकी, मारुती व महादेव यांची मंदिरे आणि वाड्याचे अवशेष आहेत. इतिहास येथे थोडक्यात सांगावा, कारण मुलांचे लक्ष आता दोन दिशांकडे लागलेले असते. पूर्वेस शिवसागर पसरलेला दिसतो, पश्चिमेस कडा तुटून कोकण खाली उघडे पडते. अंगणातील मातीचा नकाशा मुलांस येथे प्रत्यक्ष दिसतो, आणि त्या वेळी शिक्षकाने फारसे बोलू नये. बाबुकड्यापाशी मात्र एका शिक्षकाने आधी जाऊन उभे राहावे, आणि कड्यापासून दहा पावले मागे रेघ आखून तिच्यापुढे कोणासही जाऊ देऊ नये. कड्यांच्या परिसरात आग्या मोहोळे असू शकतात. धूर करणे, अत्तर लावणे, दगड भिरकावणे या तिन्ही गोष्टींस सक्त मनाई असावी.

पाटण तालुक्यातील शाळांस नवजाहून जंगली जयगडाची वाट अधिक जवळची. तेथेही वनखात्याची परवानगी व वाटाड्या हवाच. त्या वाटेचा विषय निराळा आहे. गडाच्या टोकावरून खाली पोफळीकडचा मुलूख दिसतो. जलाशयातील पाण्याचा मोठा भाग बोगद्यांतून पश्चिमेकडे नेऊन चारशे मीटरहून अधिक खाली सोडला जातो, त्यावर वीज तयार होते, आणि मग ते पाणी वाशिष्ठीत जाते. जे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरास मिळावयाचे, ते अरबी समुद्रास मिळते, हे मुलांनी नकाशावर बोट फिरवून पाहावे.

कोयनानगरच्या बाजूस गेल्यावर भूकंपाचा प्रश्न मुले विचारतातच. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे मोठा धक्का बसून सुमारे १८० माणसे दगावली. धरणाची भिंत टिकली. पुढे ती अधिक बळकट करण्यात आली. जलाशयातील पाणी व भूकंप यांचा संबंध कसा असतो, याच्या अभ्यासात कोयनेचे उदाहरण जगभर घेतले जाते. दैवी कोपाच्या गोष्टी गावोगाव चालतात. शिक्षकाने त्यांची थट्टा करू नये, पण शास्त्र सांगण्यास कचरूही नये.

पहिली ते चौथीच्या मुलांस वासोट्यावर नेण्याचा मोह टाळावा. चढण दोन-अडीच तासांची आहे, आणि थकलेले मूल घसरते. त्यांच्यासाठी बामणोली वा तापोळा येथील काठाची लहानशी फेरी पुरेशी आहे. मोठ्यांची सहल नेतानाही पालकांची लेखी संमती आणि कार्यालयाची मान्यता हाती असल्यावाचून निघू नये. प्रत्येक मुलाच्या अंगात तरंगते जाकीट असल्यावाचून नाव सुटू देऊ नये. जाकिटे अपुरी असतील तर दोन खेपा कराव्यात, एक खेप वाचविण्यासाठी दाटी करू नये. चढताना व उतरताना मुले मोजावीत, आणि मोजणी पुकारणाऱ्याहून निराळ्या शिक्षकाने ती पडताळावी. प्लास्टिक शक्यतो नेऊच नये. परतीची वेळ नावाड्यास सकाळीच सांगून ठेवावी, म्हणजे उतरताना धावपळ होत नाही.

परतल्यावर निबंध लिहून घेण्यापेक्षा दोन नकाशे काढून घ्यावेत, एक धरणापूर्वीचा व एक आजचा. दुसऱ्या नकाशात पुष्कळ मुले पायवाट पाण्याच्या कडेशी थांबवितात. त्यांस ती पाण्याखालून तुटक रेघेने पुढे न्यावयास सांगावे, आणि त्या रेघेवरच्या गावांची नावे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आणावयास लावावीत.